भिडू पाहिजेत

शनिवार, संध्याकाळचे सहा. टेबलावर बाकरवडीच्या रिकाम्या डब्यात फासे, चार-पाच पेन्सिली, एक खोडरबर आणि मी आठवडाभर ऑफिसातल्या कंटाळवाण्या मीटिंगांमध्ये चोरून काढलेला एक नकाशा. टेबलाभोवती पाच खुर्च्या, त्यातल्या भरलेल्या दोन. आम्ही तिघं (ते दोघं आणि मी) एकमेकांकडे बघतोय. शेवटी एकजण म्हणाला, "चहा तरी टाक."

चहा झाला. खेळ झाला नाही. ही गोष्ट २०२४च्या पावसाळ्यातली.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. कॉम्प्युटरवर नाही, टेबलावर बसून. एकजण (आमच्याकडे मी) गोष्ट सांगतो: तुम्ही अमुक गावात आहात, समोर तमुक आहे. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र होऊन आपण काय करतो ते सांगतात. जे सहज जमण्यासारखं नाही, तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा चांगला पडला तर जमलं, नाही तर फजिती. लहानपणी आपण "मी राजा, तू चोर" खेळायचो ना, तेच. फक्त आता नियम आहेत आणि चोराला पाठदुखी आहे.

२०१६ साली सुरुवात झाली तेव्हा आम्ही सहाजण होतो. खरी नावं देत नाही, पात्रांच्याच नावाने ओळख करून देतो. गुंडोपंत, म्हणजे तलवारबाज. धुरंधर, जादूगार. झिपरी, कुलपं उघडणारी चोरटी. मोरू, गाणारा भाट. आणि बुवा, आमचे पुजारी-कम-वैद्य, जे देवाचं नाव घेऊन जखमा बऱ्या करायचे आणि दर वेळी दक्षिणा मागायचे. २०२०च्या लॉकडाउनमध्येही खेळ बंद पडला नाही. स्क्रीनवर नकाशा आणि कानात हेडफोन लावून खेळलो. त्या दिवसांत आठवड्यातले तेच चार तास काय ते बरे जायचे.

मग माणसं एकेक करून गळायला लागली. भांडण वगैरे काही नाही हो, वयच तसं. २०२२मध्ये मोरू लग्न करून बंगळूरला गेला. २०२३मध्ये बुवांना कंपनीने सिअॅटलला पाठवलं. "मी तिकडून ऑनलाइन येतो," म्हणाले. पण पुण्यातले संध्याकाळचे सहा म्हणजे तिकडे उन्हाळ्यात पहाटेचे साडेपाच. दोन शनिवार आले, तिसऱ्या शनिवारी ऐन लढाईत घोरायला लागले. आम्ही लढाई थांबवून पाच मिनिटं ते घोरणं ऐकलं आणि हळूच कॉल बंद केला. २०२४मध्ये झिपरीला मुलगी झाली. राहिले गुंडोपंत आणि धुरंधर.

दोन-तीन महिने आम्ही "बघू पुढच्या शनिवारी" करत काढले. मलाही खरं तर जरा बरंच वाटत होतं, तयारी करायला नको. मग एका शनिवारी रात्री गुंडोपंताचा फोन आला. काम काहीच नव्हतं. थोडं इकडचं तिकडचं बोलला आणि म्हणाला, "शनिवारची संध्याकाळ फार मोठी असते रे."

गुंडोपंत गेली काही वर्षं एकटा राहतो. त्यावर आम्ही कधी बोललेलो नाही, आमच्यात तशी पद्धत नाही. पण माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की मी ज्याला टाइमपास समजतोय, तो त्याच्या आठवड्याचा खांब आहे. तेव्हा भिडू शोधायचे, आणि खरोखर शोधायचे, असं ठरवलं.

पहिला भिडू मी माझ्याच टीममधून आणला. हुशार पोरगा, कल्पक, कॉम्प्युटर गेम्सचा शौकीन. ऑफिसात मला बिनधास्त एकेरी नावाने हाक मारणारा हा मुलगा माझ्या घरी आल्यावर एकदम 'सर' म्हणायला लागला. दर चालीआधी माझ्याकडे बघायचा: "सर, दार उघडू का? बरोबर आहे ना?" अरे बाबा, बरोबर-चूक काही नाहीये, तुला काय वाटतं ते कर! पण ते त्याला शक्यच नव्हतं. वर्षाअखेरीस त्याचं रेटिंग मीच देणार होतो. तो तीनदा आला. चौथ्यांदा त्याला बरं नव्हतं, पाचव्यांदा गावाकडे लग्न होतं. मला उशिरा कळलं की त्याला 'नाही' म्हणायची सोयच मी ठेवली नव्हती. तेव्हापासून नियम केला: ज्याची रजा आपण मंजूर करतो त्याला खेळायला बोलवायचं नाही.

दुसरा भिडू ओळखीच्या ओळखीतून आला. याला सगळं येत होतं. सगळं! २०१४ साली आलेली पाचवी आवृत्ती तोंडपाठ, त्याच्या आधीच्या दोन आवृत्त्याही. त्याला आपण वकीलसाहेब म्हणू. पहिल्या दिवशी आम्ही खूश. नियम शोधायला पुस्तक उघडायलाच नको. पण दुसऱ्या शनिवारपासून धुरंधराने काहीही करायचं म्हटलं की वकीलसाहेब म्हणायचे, "ती चाल चुकीची आहे. त्यापेक्षा हे कर." आणि ते खरंही असायचं, हीच तर पंचाईत. तिसऱ्या शनिवारी धुरंधर तासभर काही बोललाच नाही. आठ वर्षं टेबलावर बसून बडबड करणारा माणूस पेन्सिलीने कागदावर चौकोन काढत बसला होता.

आता यांना सांगायचं कसं? मी भेकडासारखा वागलो. "सध्या खेळ बंद ठेवलाय, ऑफिसात फार काम आहे," असा मेसेज टाकून मोकळा झालो. महिन्याभराने कर्वे रोडला एका चहाच्या टपरीवर ते समोर आले. माझ्या हातात फाशांचा डबा. "काय, सुरू झालं वाटतं?" म्हणाले. मग तिथेच उभ्या उभ्या खरं काय ते सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "हे तेव्हाच सांगायचं ना. मला वाटलं मी मदत करतोय."

ते वाक्य अजून टोचतं. दुसऱ्या शनिवारी त्यांना बाजूला घेऊन दोन मिनिटं बोललो असतो तर कदाचित ते आज आमच्यात असते. नंतर बोलावलं, पण ते आले नाहीत. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

तिसरी भिडू म्हणजे माझ्या वहिनीची मावसबहीण. दुसऱ्या एका कंपनीत टेस्टर आहे. हा खेळ आधी कधी बघितलेला नाही, पण उत्सुक. आम्ही विचार केला, वैद्याची जागा रिकामी आहे, बुवांचं कॅरॅक्टर शीट तयारच आहे, तेच देऊ. कागद तिच्या हातात दिला. चार तास ती सगळ्यांकडे बघून हसत बसली. मध्ये मध्ये गुंडोपंत "हे बघा, पुन्हा कोंबडी!" म्हणायचा आणि आम्ही तिघं खो खो हसायचो. (२०१८ साली एका कोंबडीने आमचा अख्खा बेत उधळला होता. लांबलचक गोष्ट आहे, आणि खरं सांगायचं तर तुम्ही तिथे नसाल तर अजिबात विनोदी नाही.)

तिला सोडायला खाली गेलो. जिन्यात म्हणाली, "दादा, छान आहे तुमचा खेळ. पण आज मी बुवा होते ना, आणि मला बुवा माहीतच नाहीत. सगळे माझ्याकडे बघत होते की आता ही बुवांसारखं काहीतरी बोलेल."

टेस्टरच ती! आम्ही तीन महिने जो बग शोधत होतो तो तिने चार तासांत काढून दाखवला. आम्ही भिडू शोधतच नव्हतो, गेलेल्या माणसांचे स्पेअर पार्ट शोधत होतो. बुवांच्या जागी बुवा, झिपरीच्या जागी झिपरी. आणि नवीन माणसाने आठ वर्षांच्या सगळ्या गमती, सगळे रुसवे, ती कोंबडी, सगळं आपोआप समजून घ्यावं ही अपेक्षा. एखाद्या जुन्या कोडबेसमध्ये डॉक्युमेंटेशनशिवाय फ्रेशरला ढकलायचं आणि "अजून रुळला नाही बुवा" म्हणायचं, तसलाच हा प्रकार.

मग मी जरा मागे जाऊन वाचलं. हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन या दोन अमेरिकन माणसांनी १९७४ साली छापला, पहिल्या खेपेला फक्त १००० प्रती. त्याच्याही आधी, १९७२च्या अखेरीस अर्नसनने आपला 'ब्लॅकमूर' नावाचा खेळ गायगॅक्सला दाखवला. त्यावरून गायगॅक्सने विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा गावी, आपल्या घरी स्वतःचं भुयार रचलं. त्यात पहिल्यांदा कोण उतरलं असेल? त्याची स्वतःची मुलं, अर्नी आणि इलीझ. त्यांना कसले नियम माहीत असणार, नियम तेव्हा पुरते लिहिलेलेच नव्हते. मग मित्रमंडळी येत गेली. म्हणजे या खेळाचे पहिलेवहिले भिडू नवखेच होते!

आणि १९७४च्या त्या पहिल्या पुस्तकात एका कॅम्पेनसाठी खेळाडू किती सांगितलेत? चार ते पन्नास. पन्नास! अर्थात पन्नासजण एका टेबलावर बसत नसत. ज्याला ज्या दिवशी जमेल तो त्या दिवशी यायचा. तेच पाचजण, तोच वार, वर्षानुवर्षं चालणारी एकच गोष्ट, या रचनेला मी खेळाचा नियम समजत होतो. ती नुसती आमची सवय होती.

पुढे बेन रॉबिन्स नावाच्या एका गेम डिझायनरने 'वेस्ट मार्चेस' नावाचा प्रयोग केला आणि २००७मध्ये त्यावर लिहिलं. त्याच्या खेळाला ठरलेली वेळ नव्हती, ठरलेली टोळी नव्हती आणि आधीपासून रचलेलं कथानक नव्हतं. दहा ते चौदा लोकांतून ज्यांना जमेल ते एकत्र येऊन, कुठे जायचं ते आपणच ठरवून निघायचे. खेळ संपता संपता पात्रांनी गावात परत यायचं. म्हणजे पुढच्या वेळी वेगळी माणसं आली तरी गोष्ट अडत नाही.

आता सवयीप्रमाणे कागद-पेन्सिल घेऊन हिशोब मांडला. समजा पाच भिडू आहेत आणि प्रत्येकाची यायची शक्यता ८० टक्के. (संसारी माणसाच्या मानाने हे फारच उदार गृहीतक आहे, पण असू दे.) पाचही जण एकाच शनिवारी हजर असण्याची शक्यता किती? ०.८ चा पाचवा घात, म्हणजे जेमतेम ३३ टक्के. "सगळे जमले तरच खेळायचं" हा आमचा नियम होता. म्हणजे तीनातले दोन शनिवार आम्ही आमच्याच हाताने बुडवत होतो. नुसतं "एकजण नसला तरी चालेल" म्हटलं की हाच आकडा ७४ टक्क्यांवर जातो. आणि पाचाऐवजी आठजणांचा गोतावळा असेल, प्रत्येकाची यायची शक्यता फक्त ६० टक्के असेल, आणि तिघं आले तरी खेळायचं असं ठरवलं, तर ९५ टक्के शनिवारी खेळ होतो. कमी भरवशाची पण जास्त माणसं, आणि सिस्टिम जास्त भरवशाची! हे आम्ही ऑफिसात सर्व्हरच्या बाबतीत रोज करतो, शनिवारी मात्र कधी सुचलं नाही.

मग आम्ही तिघांनी बसून ठरवलं की जुनी गोष्ट संपवायची.

हे लिहायला सोपं आहे. धुरंधर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आठ वर्षांचं पात्र होतं त्याचं. शेवटी एका रविवारी सकाळी सगळ्यांना सोयीची वेळ काढली. बुवा सिअॅटलहून (तिकडे शनिवारची रात्र), मोरू बंगळूरहून, झिपरी मांडीवर मुलगी घेऊन. दोन तासांत गोष्टीला शेवट दिला. गुंडोपंत एका छोट्या गावाचा पाटील झाला. बुवांनी देऊळ बांधलं आणि उद्घाटनाला सगळ्यांकडून दक्षिणा वसूल केली. कॅरॅक्टर शीटं मी एका फायलीत लावून कपाटात ठेवली. कॉल संपल्यावर बराच वेळ कोणी बंद करेना.

नवा खेळ दिवाळीनंतर सुरू झाला. यात घाटाखाली एक गाव आहे, वर डोंगरात ओस पडलेला एक किल्ला, आणि मधल्या जंगलात काय काय आहे ते कोणालाच माहीत नाही. सकाळी गावातून निघायचं, अंधार पडायच्या आत परत. पुण्याच्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. रविवारच्या ट्रेकला आपण दर वेळी त्याच माणसांनी यावं असा हट्ट धरतो का? स्टँडवर जो पोचला तो आपला. खेळात फक्त परतीची एसटी चुकत नाही.

दुसरं म्हणजे सगळ्यांची पात्रं नवी. जुन्यांचीसुद्धा. सगळे पहिल्या पायरीवर, कोणाला कोंबडी माहीत नाही. पात्र बनवायला पूर्वी आम्ही दीड तास घ्यायचो. आता मी सात-आठ पात्रं तयार ठेवतो, नवीन माणसाने एक उचलायचं, नाव ठेवायचं आणि एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं: "तू या गावात कशासाठी आलायस?" दहा मिनिटांत काम होतं. कोणाला काही विकत घ्यावं लागत नाही. मूलभूत नियम फुकट मिळतात, आणि जानेवारी २०२३मध्ये तर पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली खुला झाला. फासे डब्यात आहेतच.

तिसरं, खेळाच्या आधी पाच मिनिटं बोलून घ्यायचं. गोष्टीत काय नको? एकीने सांगितलं, लहान मुलांना इजा नको. एकाला साप नको. ठीक आहे, नाही आणत साप. आणि वकीलसाहेबांवरून शिकलेला धडा: दुसऱ्याने विचारल्याशिवाय त्याला चाल सुचवायची नाही. हे पहिल्या दिवशीच, सगळ्यांसमोर, हसत सांगून टाकायचं.

चौथं मात्र मला आधी सुचलंच नव्हतं. पूर्वी मी लोकांना बोलवायचो तेव्हा "फिफ्थ एडिशन, होमब्रू, एक हीलर पाहिजे" असलं काहीतरी सांगायचो. त्यामुळे ज्यांना आधीच सगळं येतं तेच यायचे. यावेळी सोसायटीच्या फळ्यावर खडूने साध्या मराठीत लिहिलं: 'शनिवारी संध्याकाळी सहा वाजता आम्ही एक गोष्ट खेळतो. आधीचं काही माहीत असायची गरज नाही. एकदा येऊन बघा, नाही आवडलं तर परत येऊ नका, कोणी विचारणार नाही.' शेवटचं वाक्य महत्त्वाचं. माझ्या टीममधल्या त्या पोराला ते मिळालं नव्हतं.

टेस्टर परत आली, मैत्रिणीला घेऊन. बी विंगमधला अकरावीतला एक मुलगा आला. झिपरी महिन्या-दीड महिन्यातून एकदा येते. आणि तळमजल्यावरचे एक काका आले, बँकेतून निवृत्त, ब्रिज खेळणारे. चष्मा लावून त्यांनी अख्खं शीट वाचलं आणि म्हणाले, "हे सगळं ठीक आहे, पण ट्रम्प कुठला?"

त्यांच्या दुसऱ्याच शनिवारी टोळीला ओढ्यावर गॉब्लिनांनी अडवलं. "पूल ओलांडायचा तर दहा मोहरा टाका." जुने भिडू सवयीने तलवारी काढायला लागले. काका म्हणाले, "थांबा. देतो आम्ही. पण पावती लागेल."

मी गॉब्लिन. गॉब्लिनाला पावती म्हणजे काय ते माहीत नाही. काकांनी शांतपणे समजावून सांगितलं: तारीख, रक्कम, कोणाकडून मिळाली, आणि वसुलीचा अधिकार कोणी दिला त्याची सही. "तुमचे साहेब कोण? त्यांच्याकडे या पैशांचा हिशोब जातो की तुम्ही परस्पर...?" फासा टाकला. एकोणीस. गॉब्लिनांची आपापसात जुंपली, आणि टोळी पुलावरून आरामात चालत गेली. अकरावीतला मुलगा हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला. गुंडोपंताच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

हल्ली टेबलावर कोणीही काहीही मागितलं की कोणीतरी म्हणतं, "पावती?" आणि सगळे हसतात. तुम्हाला नाही हसू येणार, तुम्ही तिथे नव्हता. त्यामुळे आता माझ्यापुढे नवीनच काम आहे: पुढचा नवा भिडू येईल त्याला ही पावतीची गोष्ट आधी सांगायची, किंवा त्या दिवशी कोणी 'पावती' म्हणायचं नाही.

असो. साडेपाच वाजलेत, नकाशा अजून अर्धा राहिलाय, आणि खाली गुंडोपंताची स्कूटर वाजली. सहाची वेळ असते, पण तो नेहमी अर्धा तास आधी येतो. चहा टाकतो.